डाव्या हाताचं माप

उल्हासनगरच्या कापड बाजारामागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. 'आमचं' ही फक्त बोलायची सवय. मालक हिरूसेठ, मी तिथली शिवणारी. एकतीस वर्षं मी या दुकानात फॅन्सी ड्रेस शिवले. परी, पोलीस, गाजर, झाड, पोस्टाची पेटी, सगळं शिवलं. पण हाताला सगळ्यात जास्त काम दिलं ते सुपरहिरोंनी. गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आठवड्यातून तीनच दिवस जाते.

माझं माहेर खरवईचं. शेतीभातीवालं घर. लग्नानंतर अंबरनाथ पश्चिमेला आले आणि दुकानात लागले. पहिला सुपरहिरो शिवला तो घरी आणून काजं-बटणं करत होते, तेव्हा आई आली होती. तिने तो ड्रेस उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "अगो, यानी चड्डी वरशी घातलीय! शिवताना चुकलीस का काय?" तिला पटवायला मला पोस्टर दाखवावं लागलं. तरी तिचा विश्वास बसला नाही.

धंदा साधा आहे. शाळांची गॅदरिंगं, जन्माष्टमी, वाढदिवस, सोसायट्यांचे कार्यक्रम. ड्रेस भाड्याने जातो, परत येतो, धुतला जातो, उसवला असेल तर मी दुरुस्त करते. आमच्याकडे कुठल्याही हिरोला नाव नाही. लाल-निळा, काळा, हिरवा, चंदेरी, असं रंगावरून चालतं. "भाभी, एक हिरवा सहा साल का निकालो," हिरूसेठ ओरडतात. कापड चारही बाजूंनी ताणलं जाणारं लायक्रा. साध्या टाक्याने शिवलं तर मुलाने पहिली उडी मारताच शिवण तुटते, म्हणून झिगझॅग घालायचा. पाठीवरची केप, जिला हिरूसेठ अजूनही 'चादर' म्हणतात, ती गळ्याला बांधायची नाही, खांद्यावर वेल्क्रोने चिकटवायची. कुणी मागून ओढली तर केप हातात यावी, पोरगं नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्याच वर्षी एका सोसायटीतल्या झोपाळ्यात एकाची केप अडकली. मुलाला काही झालं नाही, पण त्याच्या आईने दुकानात येऊन जे सुनावलं ते मला अजून पाठ आहे.

आणि मग स्पंज. सुपरहिरोची छाती, दंड, पोटावरचे ते पावासारखे चौकोन, सगळं स्पंजाचं. मी स्पंज कापून, कडा तिरक्या तासून, आतून टाके घालते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोराने तालीम केलीय. एकदा एक वडील आले. मुलगा इतका बारीक की लहानातला लहान ड्रेसही त्याच्या अंगावर लोंबत होता. वडील म्हणाले, "छाती भरा अजून." भरली. "अजून." भरली. शेवटी त्या मुलाचे हात खाली जाईनात. स्टेजवर निवेदिका म्हणाली, सगळ्यांना नमस्कार कर, तर त्याचे दोन्ही तळवे एकमेकांना पोचेचनात. तो तसाच, कोंबड्यासारखा, हात पसरून उभा राहिला. बक्षीस मात्र त्यालाच मिळालं.

'स्किन कलर' नावाचं एक कापडही आमच्याकडे असतं. उघडे हात-पाय दाखवायचे असतील तिथे ते लावायचं. बाजारात त्याची एकच छटा मिळते, गुलाबीसर. एक आई आपल्या सावळ्या मुलीला घेऊन आली होती. मुलीने ते कापड आपल्या हाताशेजारी धरलं आणि मला विचारलं, "ही कुणाची स्किन आहे?" तिची आई म्हणाली, "तेच लावा हो, छान उजळ दिसेल." मी तेच लावलं. कस्टमर आई होती. त्या मुलीला मी काहीच उत्तर दिलं नाही, हे कधीकधी आठवतं.

हिरूसेठांचं तत्त्व एकच. "कस्टमर को हिरो चाहिए, सच्चाई नहीं." मी एकतीस वर्षं त्यावर भाकरी खाल्ली. ते तत्त्व मोडायला लावणारी मुलगी दुकानात आली, तिची गोष्ट सांगायची आहे.

तिचं नाव प्रणाली. बदलापूरला मांजर्लीत राहणारी, मुंबईला आर्ट कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. केस बारीक कापलेले, खांद्याला मोठी झोळी. तिला चार ड्रेस भाड्याने नाही, नवे शिवून हवे होते, आणि मोठ्या माणसांच्या मापाचे. मी म्हटलं, "नाटक आहे का?"

"नाही काकू. फोटोंचं प्रदर्शन आहे. आमच्याच बिल्डिंगमधली माणसं, सुपरहिरोच्या ड्रेसमध्ये."

"कशाला?"

तिने झोळी खाली ठेवली. "तुम्ही कधी सुपरहिरोला मांजर्लीत बघितलंय? तो नेहमी कुठल्यातरी मोठ्या शहरात, उंच टॉवरवर. आमच्याकडे नदीचं पाणी तळमजल्यात शिरतं तेव्हापण येत नाही. तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांना वर कोण घेतं? वरच्या मजल्यावरचे. मग तो ड्रेस त्यांना का नाही?"

हिरूसेठ गल्ल्यावरून ऐकत होते. "अच्छा आयडिया है बेटा," ते म्हणाले. "बॉडी किसकी कैसी बनानी है, बता दो."

"कशीच नाही. स्पंज अजिबात घालायचा नाही. पोट असेल तर पोट दिसू दे, कुबड असेल तर कुबड. माणूस आहे तसा."

मला ती मुलगी आवडली. तीन ड्रेस मी तिच्या सांगण्याप्रमाणे शिवले. त्यातला एक मासळी विकणाऱ्या बाईंचा होता. त्यांच्या कमरेचं माप घेताना टेप संपली, आणि त्या स्वतःच इतक्या हसल्या की मला पुन्हा घ्यावं लागलं. चौथा ड्रेस तिच्या वडिलांचा होता.

वडील अशोकराव. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. प्रणाली लहान असतानाच प्रेस मशीनमध्ये त्यांचा डावा हात गेला, खांद्याखाली चार बोटं सोडून. ते मापाला एकटेच आले. मी उजव्या बाहीचं माप घेतलं आणि डावीकडे वळले. त्यांनी शर्टाची रिकामी बाही नुसती थोडी मागे सारली, एखाद्याने आपल्या घरातला पसारा पाहुण्यासमोरून बाजूला करावा तशी. मी टेप गळ्यात अडकवली आणि म्हटलं, "झालं, भाऊ."

डावं माप मी घेतलंच नाही. आणि घरी येऊन एक हात केला.

का केला, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. दया होती थोडी. पण खरं सांगायचं तर सवय जास्त होती. कमी दिसलं की भरायचं, हेच मी इतकी वर्षं केलं होतं. तयार साच्यावरून हिरोचा दंड कापला, कोपर जोडलं, हातमोजात कापूस भरला, बाहीत बसवला. उत्तम झाला होता. कुठून जोडलाय ते सांगूनही कळलं नसतं.

ट्रायलच्या दिवशीही अशोकराव एकटेच. पडद्यामागून निळा ड्रेस घालून बाहेर आले आणि आरशासमोर उभे राहिले. आमच्याकडे ट्रायलला मोठी माणसं हसतात, लाजतात, पोट आत ओढतात. हे काहीच करेनात. उजव्या हाताने त्यांनी डाव्याचा दंड धरला, मग मनगट. मग दोन्ही हात बाजूला सोडून सरळ उभे राहिले.

"ताई, याचं वजन किती असेल?"

"असेल पाव किलो."

"खऱ्याचं जास्त असतं," ते म्हणाले.

आरशापासून हलायला त्यांना बराच वेळ लागला. माझ्यामागे दोन कस्टमर उभे होते, पण हिरूसेठांनीही, जे एका मिनिटाचा खोळंबा सहन करत नाहीत, त्या दोघांना बाकावर बसवलं. जाताना अशोकराव एवढंच म्हणाले, "प्रणूला चालेल ना?"

प्रणूला चालणार नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी ड्रेस न्यायला आली, वडीलही बरोबर होते. तिने घडी उलगडली, डावी बाही दाबून बघितली.

"काकू, हे काय आहे?"

"राहू दे ना बाळा. छान दिसतात त्यात."

"मी सांगितलं होतं ना, स्पंज नको! बाही रिकामी हवी होती मला." तिचा आवाज चढला होता. "लहानपणापासून बघतेय. लग्नात फोटो काढताना लोक पप्पांना डावीकडून झाकतात. कुणीतरी पुढे उभं राहतं, कुणी शाल टाकतं. आणि आता तुम्ही स्पंज. कशाला लपवायचं? त्यांनी काही चोरी केलीय का?"

तिचं चुकत नव्हतं. हिरूसेठ समजावणीच्या सुरात म्हणाले, "बेटा, पापा से तो पूछो."

ती वळली. "पप्पा, तुम्हाला काय वाटतं?"

अशोकराव बाकावर बसले होते. मुलीकडे बघितलं, ड्रेसकडे बघितलं. "तुझं काम आहे," ते म्हणाले. "तू शिकलीस त्यातलं. तू म्हणशील तसं करू."

ही काही खुशी नव्हती. मला ते कळलं, आणि तिला तेव्हा कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण ऑर्डर तिची होती. मी तिथेच बसून हात उसवला. बसवायला दोन दिवस लागले होते, उसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. अशोकराव तेवढा वेळ रस्त्याकडे बघत होते.

प्रदर्शन मुंबईत होतं. प्रणालीने आग्रहाने बोलावलं म्हणून गेले. पांढऱ्याशुभ्र भिंती, गार हवा, आणि दरवाजाएवढे मोठे चार फोटो. अशोकरावांचा फोटो सगळ्यात आत लावला होता. बिल्डिंगची गच्ची, मागे वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी. ते निळ्या ड्रेसमध्ये उभे, केप एका बाजूला उडालेली, आणि डावी बाही सपाट, वाऱ्याने वळलेली. फोटो चांगलाच होता. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही त्याच्यापुढून हलता येईना. खाली पाटीवर प्रणालीचं नाव, आणि त्याखाली 'शिवण' असं लिहून माझं. माझं नाव छापलेलं मी त्याआधी फक्त रेशनकार्डावर आणि लाइटबिलावर बघितलं होतं. त्या पाटीचा मी मोबाइलवर फोटो काढून घेतला, तोही दोनदा.

अशोकराव एका कोपऱ्यात उभे होते. चांगला इस्त्रीचा शर्ट, आणि डाव्या खांद्यावरून कोट टाकलेला. लोक त्यांना ओळखून येत होते, हात मिळवत होते. एक बाई, कपाळावर मोठं कुंकू, हळू आवाजात बोलणाऱ्या, त्यांच्याजवळ आल्या.

"तुम्ही सैन्यात होतात का?"

"नाही. प्रेस मशीनवर होतो."

"म्हणजे अपघात झाला तेव्हा कुणाला वाचवत होतात?"

"नाही हो. माझंच लक्ष नव्हतं. सेकंड शिफ्ट होती."

बाई म्हणाल्या, "तरीपण किती धैर्य आहे तुमच्यात. एक फोटो काढू का, तुमचा आणि फोटोचा, एकत्र? तो कोट जरा बाजूला केलात तर..."

अशोकरावांनी कोट काढला. तो धरायला कुणी नव्हतं म्हणून दातात कॉलर पकडून, उजव्या हाताने घडी घातली आणि खाली जमिनीवर ठेवला. मग आपल्याच एवढ्या मोठ्या फोटोशेजारी उभे राहिले, रिकामी बाही तशीच ठेवून. बाईंनी फोटो काढला. त्यांचं बघून आणखी दोघांनी काढला. प्रणाली पलीकडे कुणाशी तरी बोलत होती, ती बोलता बोलता थांबली. मी तिच्याकडे बघत होते. तिने येऊन जमिनीवरचा कोट उचलला आणि वडिलांच्या खांद्यावर टाकला.

परत येताना अशोकराव मला म्हणाले, "ताई, लोक मला शूर म्हणतात. मी काय केलं? हात गेला, मग राहिलेल्या हाताने नोकरी पूर्ण केली. दुसरं काय करणार होतो?" तक्रार नव्हती. त्यांना खरंच कोडं पडलं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी प्रणाली दुकानात आली. निळा ड्रेस पिशवीत. बाकावर बसली, पाणी प्यायली.

"काकू, तो हात आहे का तुमच्याकडे?"

नव्हता. सीझन होता, स्पंज लागत होता. त्या हाताची एव्हाना चौथीतल्या एका मुलाची छाती झाली होती. मी तसं सांगितल्यावर तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

"आईने सांगितलं मला," ती म्हणाली. "ट्रायलवरून घरी आले त्या संध्याकाळी पप्पा तिला म्हणाले होते, तू पण यायला हवं होतंस दुकानात. आई म्हणाली, कशाला, प्रदर्शनात बघेन की. आणि प्रदर्शनात तो हातच नव्हता. काकू, मी त्यांना विचारलं होतं, पण तुमच्यासमोर, चिडून, ड्रेस हातात धरून. असं कुणी विचारतं का?"

मी म्हटलं, "मी तर तेवढंही विचारलं नव्हतं."

ते खरंच होतं. मी त्यांना न विचारता हात लावला आणि तिने न विचारल्यासारखं विचारून तो काढायला लावला. मधे माणूस उभा होता, पन्नाशी ओलांडलेला, सगळं कळणारा. आम्ही दोघींनी त्याच्यासाठी काय चांगलं ते आपापसातच ठरवून टाकलं होतं.

"पुन्हा करून द्याल?" तिने विचारलं.

"देईन. पण त्यांना घेऊन ये. आणि या वेळी ते म्हणतील तसं."

अशोकराव आले. मी त्यांना सरळ विचारलं, "भाऊ, हात हवाय का? हवा असेल तर कसा?"

ते जरा विचार करून म्हणाले, "मागचा जरा जास्तच होता, ताई. माझा उजवा बघा आणि तो बघा. जोडी जमत नव्हती. त्याला जुळणारा करा."

म्हणून या वेळी साचा काढलाच नाही. उजव्या हातावरून डाव्याचं माप घेतलं. टेप प्रणालीने धरली, मी लिहीत गेले. दंड, कोपर, कोपराखालचा भाग, मनगट. दोन हातांचं काम इतकी वर्षं एकाने केल्यामुळे तो दंड वयाच्या मानाने भरलेला होता, पण मनगट बारीक, हाडाचा उंचवटा वर आलेला. कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं, किंचित वाकलेलंच राहायचं. मी डाव्याच्या कोपरातही आतून एक चुणी घातली, म्हणजे तोही तेवढाच वाकेल. हिरोच्या हाताला असा बाक मी कधी दिला नव्हता. वर खांद्याशी वेल्क्रो लावला, हवा तेव्हा लावावा, नको तेव्हा काढावा. हातमोजाच्या बोटांत कापूस भरताना मात्र तो जरा सैल ठेवला, कारण कडक बोटं मेलेली दिसतात.

चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्या बिल्डिंगमध्ये मुलांचा फॅन्सी ड्रेसचा कार्यक्रम होता. ड्रेस आमच्याच दुकानातून गेले होते, ते घालून द्यायला मी मांजर्लीला गेले होते. सगळी मुलं स्टेजवरून जाऊन आली, आणि बक्षिसं द्यायची वेळ झाली तेव्हा जिन्यावरून अशोकराव उतरले. निळा ड्रेस, केप, आणि दोन हात.

आधी गलका झाला, मग मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. एक पहिली-दुसरीतली मुलगी, गाजर झालेली, सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"अंकल, तुम्हाला दुसरा हात कुठून आला?"

"भाड्याने आणलाय," अशोकराव म्हणाले. "सोमवारी परत करायचाय."

अख्खी बिल्डिंग हसली. त्या मुलीला ते उत्तर पूर्ण पटलं. तिचं गाजरही सोमवारीच परत जायचं होतं. मग त्यांच्या बायको पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या मनगटाजवळच्या बाह्या नीट केल्या, आधी उजवी, मग डावी, लग्नाच्या वरातीला निघणाऱ्या माणसाच्या कराव्यात तशा. मी प्रणालीला म्हटलं, "अगं, फोटो काढ ना." ती म्हणाली, "नको काकू. आज मी नाही काढणार."

सोमवारी दुपारी मी मशीनवर होते. अशोकराव खरंच आले. रोजचा शर्ट, बाही रिकामी, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं. मी उलगडून बघितलं. हात होता. धुऊन आणला होता.

"अहो भाऊ, हा परत कसला करता? गंमत होती ती. हा तुमच्या मापाचा आहे, दुसऱ्या कुणाला लागायचा नाही."

"माहितेय," ते म्हणाले. "म्हणूनच इथे ठेवतो, ताई. घरी ठेवला तर मी रोज घालीन."

मी हात पुन्हा टॉवेलात गुंडाळला आणि वरच्या फळीवर ठेवला. भाड्याच्या मालात नाही, बाजूला.